प्लास्टिकच्या किड्यावर लागलेला बास सुटतो कुठे आणि का

रॉड वाकतो, दोन-तीन जोरदार हिसके हाताला जाणवतात आणि एकदम लाइन हलकी होते. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो, तो गळाने मासे धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे बोलतोय ते बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाबद्दल आणि त्याला भुलवण्यासाठी गळावर चढवलेल्या मऊ प्लास्टिकच्या किड्याबद्दल. अशा वेळी बहुतेक जण भराभर लाइन गुंडाळतात आणि त्याच जागी पुन्हा फेकतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. मासा गेला, नशीब फुटकं, किंवा झटका (गळ रुतवण्यासाठी रॉडला दिलेला हिसका) कमी पडला, एवढंच म्हणायचो आणि पुढच्या वेळी दुप्पट जोराने झटका मारायचो. मासे तरीही सुटत राहिले.

मग एकदा नावेत माझ्याबरोबर बसलेल्या एका जुन्या, मुरलेल्या माणसाने माझा हात धरला. "थांब, फेकू नकोस. आधी किडा दाखव." त्याने तो माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांत फिरवला. किडा गळाच्या बाकात, म्हणजे वळणात, येऊन गोळा झाला होता आणि गळाचं टोक अजून प्लास्टिकच्या आतच होतं. "हा मासा तुला लागलाच नव्हता. किडा धरून ओढत होता, कंटाळला आणि सोडून गेला," तो म्हणाला. दहा-बारा सेकंद मी ज्या माशाशी झुंजलो असं समजत होतो, त्याच्या तोंडाला गळाचं टोक शिवलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून सुटलेल्या प्रत्येक माशानंतर मी किडा वाचतो. या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे.

"सुटला" म्हणजे नेमकं काय झालं

आपण एकच शब्द तीन निरनिराळ्या घटनांसाठी वापरतो. पहिली घटना म्हणजे मासा लागलाच नव्हता, त्याने किडा नुसता जबड्यात दाबून धरला होता. दुसऱ्या घटनेत टोक रुतलं, पण उलट्या काट्याच्या (टोकामागच्या, गळ मागे निसटू न देणाऱ्या फाट्याच्या) पलीकडे गेलं नाही, त्यामुळे मान हलवताच निघालं. तिसरीत गळ व्यवस्थित लागला होता, पण पुढच्या ओढाताणीत भोक मोठं झालं किंवा लाइन ढिली पडली.

या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. गळाचं टोकच प्लास्टिकमधून बाहेर येत नसेल तर कितीही जोर लावून उपयोग नाही. उलट गळ गालाच्या पातळ पडद्यात लागला असेल तर जास्त जोराने तो पडदा फाटतो. म्हणून आधी निदान, मग औषध.

बास किडा घेतो कसा

लार्जमाऊथ बास चावा घेऊन भक्ष्य तोडत नाही. तो तोंड एकदम उघडतो, गालाची पोकळी फुगवतो आणि त्या ओढीने पाण्यासकट भक्ष्य आत खेचतो. पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं, भक्ष्य तोंडात राहतं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. नको असलेली वस्तू तो तितक्याच वेगाने फुंकून बाहेर टाकतो. हाताला जी "टक" जाणवते ती बऱ्याचदा किडा तोंडात शिरल्याचीच असते. म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत मासा अर्धं काम उरकून बसलेला असतो.

बासचे दात धारदार सुळ्यांसारखे नसतात. ओठांच्या आत बारीक दातांचा पट्टा असतो, हाताला पॉलिश पेपरसारखा लागतो. मऊ वस्तू या दोन पट्ट्यांत घट्ट धरून ठेवणं त्याला सहज जमतं. निक क्रीम यांनी १९४९ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे मऊ प्लास्टिकचा किडा तयार केला. तो चालला याचं एक मोठं कारण हा मऊपणाच आहे. लाकडाचं किंवा कडक प्लास्टिकचं आमिष मासा लगेच थुंकतो, मऊ किडा थोडा जास्त वेळ धरून ठेवतो. मीठ मिसळलेल्या किड्यांचा फायदाही इथेच मिळतो.

पण या गुणातच एक खोड दडलेली आहे. मासा किडा घट्ट धरतो तेव्हा किडा आणि गळ मिळून त्याच्या तोंडात एकच गोळा होतो. तुम्ही झटका मारलात की आधी हा पूर्ण गोळा सरकायला हवा, मग टोक प्लास्टिकमधून बाहेर यायला हवं, मग ते मांसात घुसायला हवं, आणि शेवटी उलटा काटा पार व्हायला हवा. एवढे चार टप्पे एका झटक्यात पार पाडायचे असतात.

परत आलेला किडा वाचायचा कसा

लाइन सावकाश गुंडाळा. गवतातून खरवडत आणली तर खुणा पुसल्या जातात. किडा हातात आल्यावर त्याला सरळ करू नका, आहे तसाच बघा.

शेपटी तुटलेली आणि बाकी अंग स्वच्छ असेल तर तो बहुधा बास नव्हताच. ब्लूगिलसारखे छोटे मासे शेपटी टोचतात, त्यांच्या तोंडात पूर्ण किडा मावतही नाही. हाताला भराभर टुकटुक-टुकटुक असं जाणवत होतं का, ते आठवून पाहा. बासची टकटक साधारण एकदाच, फार तर दोनदा येते. कधी टकटक न येता लाइनला ओल्या फडक्यासारखं जडपण येतं.

किडा गळाच्या बाकात गोळा झालेला आणि टोक अजून आत असेल तर तो पहिला प्रकार. गळ आणि किड्याची जोडणी चुकलेली आहे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त मासे इथेच जातात आणि लोकांचं सर्वांत कमी लक्ष इथेच असतं.

किडा खाली सरकलेला आहे, टोक मात्र बाहेर आलेलं आहे, असं दिसलं तर टोक तपासा. ते बोथट असेल किंवा झटक्यात जोर पोहोचला नसेल. हा दुसरा प्रकार.

किडा गळ सोडून वर लाइनवर चढलेला असेल तर गळ खरोखर लागला होता. मासा नंतरच्या ओढाताणीत सुटला. टोकावर पातळ कातड्याचा तुकडा अडकलेला असेल तर शंकाच नको, भोक फाटलं. गळच उघडून सरळ झाला असेल तर त्याची तार तुमच्या लाइनच्या आणि रॉडच्या मानाने बारीक होती.

आता आणखी बारकाईने. किडा उजेडाकडे धरून तिरपा करा. बासने धरलेल्या जागी चकाकी गेलेली असते, वरच्या आणि खालच्या बाजूला समोरासमोर खरखरीत पट्टा उमटलेला असतो. हा पट्टा कुठे आहे ते महत्त्वाचं. गळाच्या टोकाच्या पुढे, डोक्याकडे पट्टा असेल तर गळ तोंडाच्या पूर्ण आत होता, म्हणजे दोष जोडणीचा किंवा झटक्याचा. पट्टा टोकाच्या मागे, शेपटीकडे असेल तर गळ तोंडाबाहेरच होता आणि तुमचं काहीच चुकलेलं नाही. माशाने किडा अर्धवट घेतला होता. ही एक खूण ओळखता आली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

गळ आणि किडा यांचं माप

टेक्सस रिग या जोडणीत गळाचं टोक किड्याच्या अंगात लपवतात, म्हणून तो गवतातून, झुडपांतून न अडकता येतो. त्याची किंमत म्हणजे टोकाला आधी प्लास्टिक भेदावं लागतं. ती किंमत कमीत कमी ठेवणं, हे जोडणीचं सगळं कौशल्य.

गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंतच्या मोकळ्या जागेला मी पोकळी म्हणतो. किडा जेवढा जाड, तेवढी पोकळी जास्त हवी. झटक्याच्या वेळी प्लास्टिक दबून याच पोकळीत गोळा होतं. पोकळी भरली की टोकासमोर मांसाला जागाच राहत नाही. माझा नियम साधा आहे: किडा गळावर चढवून दांड्याला चिकटेपर्यंत दाबायचा. दाबल्यावरही किड्याच्या जाडीइतकी जागा टोकापर्यंत मोकळी राहिली पाहिजे.

आकड्यांत सांगायचं तर (२/०, ३/० ही गळाची मापं, पुढचा अंक मोठा तसा गळ मोठा) ४ ते ५ इंची बारीक किड्याला २/० गळ, ६ ते ७ इंचीला ३/०, ७ ते ८ इंचीला ४/० आणि १० इंची जाड किड्याला ५/०. ही सुरुवात समजा. सेंकोसारखे सरळ कांडीच्या आकाराचे किडे लांबीच्या मानाने जाड असतात, त्यांना एक नंबर मोठा किंवा रुंद पोकळीचा गळ घ्या. सरळ, सडपातळ किड्यांना मला गोल बाकाचा ऑफसेट गळ (वरच्या टोकाजवळ दांड्याला वळण असलेला) आवडतो. रुंद पोकळीच्या गळात टोक बऱ्याचदा नेढ्याच्या (लाइन बांधायच्या भोकाच्या) रेषेत किंवा थोडं आतल्या बाजूला वळलेलं असतं. जाड किड्याला त्याची गरज असते, पण बारीक किड्यावर तो गळ तोंडातून घसरत येतो असं मला वारंवार आढळलं आहे.

जोडणी, एकेक पायरी

आधी शिशाची गोळी लाइनमध्ये ओवा, निमुळतं टोक रॉडकडे. मग गळ बांधा. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाने लाइन भाजते आणि झटक्यात तिथेच तुटते.

गळाचं टोक किड्याच्या डोक्यात बरोबर मध्यभागी खुपसा, साधारण पाव इंच आत गेल्यावर बाजूने बाहेर काढा. किडा दांड्यावरून सरकवत नेढ्याजवळच्या वळणावर आणा आणि गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक किड्याच्या अंगाकडे वळेल.

आता घाई करू नका. गळ किड्याच्या बाजूला नुसता लोंबू द्या आणि बाकाचा तळ किड्यावर कुठे येतो ते अंगठ्याच्या नखाने खूण करून ठेवा. टोक तिथूनच आत जायला हवं. खुणेच्या मागे, शेपटीकडे टोचलं तर किडा कमानीसारखा वाकतो, पाण्यात भोवऱ्यासारखा फिरतो आणि लाइनला पीळ पडतो. पुढे, डोक्याकडे टोचलं तर ताणला जातो. किडा किंचित वाकवून खुणेवर टोक सरळ आरपार काढा. सोडल्यावर किडा फूटपट्टीसारखा सरळ दिसला पाहिजे.

आरपार आलेलं टोक तसंच उघडं ठेवलं तर गवतात अडकेल. म्हणून किडा किंचित पुढे ढकला आणि फक्त टोकाचं अग्र किड्याच्या वरच्या सालीत अलगद टेकवा, शिंप्याने कापडाचा एक धागा उचलावा तितकंच. आता टोकाला प्लास्टिकचं पूर्ण अंग भेदायचं नाही, फक्त एक पापुद्रा सोडायचा आहे. बरेच जण टोक पुन्हा किड्याच्या पोटात खोल खुपसतात. मीही तसंच करायचो, आणि माझा तो "दहा सेकंद झुंजलेला" मासा याचमुळे गेला.

पाण्यात टाकण्यापूर्वी एक चाचणी करा. किडा अंगठा आणि तर्जनी यांत, मासा धरेल तसा, मध्यम जोराने दाबा. दुसऱ्या हाताने लाइन ओढा. टोक लगेच सालीतून वर आलं तर जोडणी बरोबर. किडा गोळा होत गेला आणि टोक आतच राहिलं तर पाण्याखालीही तेच होणार. ही चाचणी करताना बोटं टोकाच्या समोर ठेवू नका.

किडा वापरून डोक्याकडचं भोक सैल झालं की तो पहिल्या झटक्यालाच खाली घसरतो. डोक्याचा पाव इंच कापून टाका आणि नव्याने चढवा. नेढ्याजवळ झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावला तर किडा जास्त टिकतो, पण टोकाकडची बाजू मात्र मोकळी राहू द्या.

टोक, तार आणि उलटा काटा

टोकाची चाचणी जुनी आणि खात्रीची आहे. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवून न दाबता ओढा. रुतून थांबलं तर धार आहे. घसरलं, पांढरी रेघ उठवत गेलं, तर तो गळ बदला किंवा घासून घ्या. खडकाळ तळावरून किडा ओढत असाल तर दर थोड्या वेळाने ही चाचणी करा. एका दगडावरचा एक खरचटा पुरतो.

तारेबाबत होणारी चूक मात्र शांतपणे समजून घेण्यासारखी आहे. जाड तारेचा गळ मजबूत खरा, पण त्याला आत घुसायला जास्त जोर लागतो, आणि उलटा काटा असलेला जाड भाग पार व्हायला त्याहून जास्त. दाट गवतासाठी बनवलेला जाड ५/० गळ कुणी ८ पाउंडाच्या (म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणाऱ्या) लाइनला आणि मऊ स्पिनिंग रॉडला बांधतो. टोक एक-दोन मिलिमीटर रुततं, काटा बाहेरच राहतो. मासा लागल्यासारखा वाटतो, चांगला ओढतो, वर येऊन मान हलवतो आणि मोकळा. याउलट ५० पाउंडाच्या विणलेल्या लाइनला बारीक तारेचा गळ बांधला तर गळ उघडतो किंवा माशाचं तोंड फाडतो. रॉड, लाइन आणि गळ यांची जात एकच हवी. मध्यम-जड ७ फुटी फास्ट रॉड (मुख्यतः टोकाकडे वाकणारा), १५ ते १७ पाउंडाची फ्लुरोकार्बन लाइन आणि मध्यम तारेचा ३/० किंवा ४/० गळ, ही जोडी बहुतेक कामं करते.

उलटा काटा पकडीने थोडा दाबून ठेंगणा केला तर गळ फारच सहज आत जातो. लोकांना वाटतं मासा जास्त सुटेल. लाइन ताणलेली ठेवायची सवय असेल तर तसं होत नाही. काटा बाहेरच राहिलेल्या गळापेक्षा बाकापर्यंत बसलेला ठेंगण्या काट्याचा गळ कितीतरी भरवशाचा.

झटका

झटक्यातून माशापर्यंत किती जोर पोहोचतो याची एक परीक्षा घरीच करून पाहा. लाइनचं टोक स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधा, तो कुणाला तरी धरायला सांगा आणि २०-२५ पावलं लांब जा. आता पाण्यावर मारता तसा झटका मारा. काट्यावरचा आकडा तुमच्या अपेक्षेपेक्षा बराच लहान निघेल. मग लाइनला दोन फूट ढील ठेवून तोच झटका मारा. नंतर ढील गुंडाळून, वजन हाताला लागल्यावर मारा. या दोन आकड्यांमधला फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

जोर जातो कुठे? थोडा रॉडच्या वाकण्यात, थोडा लाइनच्या ताणात, आणि पुष्कळसा ढील भरून काढण्यात. नायलॉनची लाइन ताणली की लांबते, आणि ती पाणी शोषते. फ्लुरोकार्बनही ताणते, पण ती पाण्यापेक्षा जड असल्याने बुडते आणि वाऱ्याने कमी फुगते. विणलेली लाइन जवळजवळ ताणत नाही, पण तरंगते, म्हणून वारा तिला पाण्यावर धनुष्यासारखी वाकवतो. ते धनुष्य सरळ होईपर्यंत तुमचा अर्धा झटका संपलेला असतो.

पायऱ्या अशा. टक जाणवली, लाइन बाजूला सरकली, किंवा एकदम हलकी झाली, की रॉडचं टोक माशाच्या दिशेने खाली आणा. त्याच वेळी ढील गुंडाळा. ७.१:१ चा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला ७.१ वेढे घेणारा, रील एका फेऱ्यात साधारण अडीच फूट लाइन आत घेतो, त्यामुळे एक-दोन फेरे पुरतात. हाताला जिवंत वजन लागलं की रॉड वर घ्या, मनगटाने नव्हे तर कोपर आणि खांद्याने, एका सलग वेगवान हालचालीत. आणि वजन तसंच धरून लगेच गुंडाळायला लागा. या सगळ्याला एक ते दोन सेकंद लागतात.

लाइन हलकी होणं नवख्यांना कळत नाही, म्हणून त्यावर थोडं जास्त. बासने किडा घेऊन तुमच्याकडेच पोहायला सुरुवात केली की शिशाचं वजन हातातून नाहीसं होतं. वाटतं, किडा तुटला असेल. खरं तर ती सर्वांत पक्की खूण असते. त्या क्षणी वेड्यासारखं गुंडाळा, वजन लागलं की झटका.

काही जण सांगतात, मासा नीट गिळेपर्यंत दहा मोजा. मला हे पटत नाही. इतक्या वेळात तो थुंकतो, नाहीतर गळ घशात जातो आणि सोडायचा मासाही दगावतो. सेकंदभर जास्त थांबायचं ते फक्त एका वेळी, किड्यावर शेपटीकडे पट्टे दिसत असतील तेव्हा.

रीलचा ड्रॅग, म्हणजे जास्त ओढ बसली की लाइन सुटू देणारा ब्रेक, फार सैल असेल तर झटक्याच्या वेळी लाइन घसरते आणि गळ जागचा हलत नाही. झटक्याबरोबर रीलने "झर्र" आवाज केला तर कारण सापडलं समजा. बेटकास्टर रीलवर (ज्यात लाइन गुंडाळायचा स्पूल स्वतः फिरतो) झटक्यापुरता अंगठा स्पूलवर दाबून धरा. स्पिनिंग रीलवर ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवा आणि तो वजनकाट्याने मोजा, हाताच्या अंदाजाने नाही.

आतापर्यंतचं सगळं टोक लपवलेल्या गळासाठी होतं. वॅकी रिग (किडा मध्यावर टोचलेला) किंवा ड्रॉप शॉटमध्ये (शिसं गळाच्या खाली बांधलेलं) बारीक तारेचा गळ उघडाच असतो. तिथे जोराचा झटका घातक. फक्त गुंडाळत जा आणि रॉड हळूहळू वजनाने वाकू द्या, टोक आपोआप रुततं. कॅरोलायना रिगमध्ये शिसं आणि किडा यांच्यात दीड ते तीन फूट लाइन असते, त्यामुळे तिथे वर झटका मारण्यापेक्षा रॉड बाजूला लांबवर ओढत नेणं जास्त काम करतं.

लागल्यानंतर सुटणारे मासे

आता तिसरा प्रकार. एक पोस्टकार्ड घ्या, त्यात गळ टोचा आणि ताण देऊन धरा. गळ हलत नाही. आता ताण सोडा, पुन्हा द्या, दिशा बदला, असं पाच-सहा वेळा करा. भोक लांबट होत जातं आणि शेवटी गळ आपल्या वजनाने खाली पडतो. माशाच्या तोंडात नेमकं हेच घडतं. गळ काढतो तो ओढणारा ताण नव्हे, कमी-जास्त होणारा ताण.

म्हणून लाइनवरचा दाब एकसारखा ठेवा. रॉड वर घेऊन पटकन खाली आणायचा आणि मग गुंडाळायचं, ही सवय सोडा. खाली आणताना गुंडाळत आणा. झटका कमजोर वाटला म्हणून मासा पळत असताना दुसरा, तिसरा झटका मारणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पहिल्या झटक्याने पडलेलं भोक ते स्वतःच मोठं करतात. शंका असेल तर रॉड वाकवून सलग दाब वाढवा, तेवढं पुरे.

लाइन पाण्यातून वर चढताना दिसली की मासा उडी मारणार. रॉडचं टोक लगेच खाली आणि बाजूला न्या, शक्यतो पाण्याला टेकेल इतकं, आणि गुंडाळणं थांबवू नका. पाण्याबाहेर मासा डोकं हलवतो तेव्हा जड शिसं झोक्यासारखं हलतं आणि गळाला टोकाच्या उलट दिशेने हिसके देतं. म्हणून शक्य तितकं हलकं शिसं वापरा. शिसं लाइनवर मोकळं सरकत असेल तर ते किड्यापासून दूर जातं आणि हा धोका कमी होतो. दाट गवतात त्याला किड्याजवळ अडकवून ठेवावंच लागतं, मोकळ्या पाण्यात मात्र अडकवू नका.

नावेजवळचे शेवटचे दहा फूट सर्वांत वाईट. लाइन आखूड असते, तिचा ताण संपलेला असतो, धक्का शोषायला काही उरत नाही. नाव दिसली की मासा एकदम खाली बुडी मारतो. त्याला जाऊ द्या. ड्रॅग थोडा सैल करा, रॉड वाकू द्या. जाळं माशाच्या मागून घालू नका, शेपटीला काही लागलं की तो उसळतो. जाळं पाण्यात स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून त्यात आणा. लाइनला धरून मासा उचलणं कितीही सोपं वाटलं तरी करू नका.

मासा खातच नसेल तर

वसंतात पाणी साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना बास उथळ पाण्यात तळ साफ करून अंडी घालतात आणि नर त्या जागेची राखण करतो. तिथे पडलेला किडा तो खाण्यासाठी उचलत नाही. ओठांच्या टोकात धरतो, फूट-दोन फूट लांब नेतो आणि टाकून देतो. तुम्हाला टक जाणवते, लाइन सरकते, झटका रिकामा जातो. इथे तुमची जोडणी आणि वेळ दोन्ही बरोबर असू शकतात. असा मासा मी सोडून पुढे जातो. राखणदार हटला की ब्लूगिल काही क्षणांत अंड्यांवर तुटून पडतात.

शेपटीकडे पट्टे दिसत राहिले, मग ते थंड पाण्यामुळे असोत की मासा नुसता चौकशी करत असेल म्हणून, तर उपाय सरळ आहे. १० इंचीऐवजी ६ इंची किडा लावा, किंवा डोक्याकडून इंचभर कापून गळाचं टोक मागे आणा. मासा गिळेल याची वाट पाहण्यापेक्षा गळ त्याच्या तोंडाजवळ नेणं चांगलं.

एका वेळी एकच बदल

दोन मासे लागोपाठ सुटले की लोक गळ, किडा, लाइन, जागा सगळंच बदलतात आणि मग तिसरा मासा आला तरी कशामुळे आला ते कळत नाही. मी क्रम ठरवून टाकला आहे. आधी किडा वाचायचा. मग नखावर टोक. मग जोडणी दाबून बघायची. मग ड्रॅग. हे चारही ठीक असतील तरच झटक्याची पद्धत बदलायची. खिशातल्या वहीत मी तीनच गोष्टी लिहितो: पट्टा कुठे होता, टोक आत की बाहेर, आणि मासा झटक्याला सुटला, मध्ये सुटला की नावेजवळ.

हातात आलेला मासाही तितकंच सांगतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. ओल्या हाताने खालचा जबडा धरा, मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या आणि गळ काढण्यापूर्वी तोंडात डोकावून बघा. जाळ्यात लाइन ढिली होताच गळ आपोआप गळून पडला असेल तर काटा पार झालाच नव्हता. पुढचा मासा तुम्ही गमावणार आहात, टोक आत्ताच बदला. ओठाच्या पातळ कडेला लोंबत असेल तर झटका लवकर झाला किंवा किडा लांब आहे. घशाजवळ असेल तर तुम्ही फार थांबलात. जबड्याच्या कोपऱ्यात किंवा टाळूत बाकापर्यंत बसलेला असेल तर काहीही बदलू नका. गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने पकडीने मागे फिरवून काढा, मासा पाण्यात धरा आणि तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत थांबा.